पहिला घास परक्याचा

मोठी आई गेली तेव्हा दारात बसायला येणाऱ्या प्रत्येकाचं एकच पालुपद होतं. म्हातारीचं सोनं झालं. नातवंडं बघितली, पणतवंडं बघितली, अंथरुणाला खिळली नाही, आणखी काय पाहिजे माणसाला? मी आतल्या खोलीत बसून ऐकत होते आणि तळपायाची आग मस्तकात जात होती. काय पाहिजे म्हणून विचारता? शेजारी बसून जेवायला एक माणूस पाहिजे होतं तिला! पण सुतकाच्या घरात भांडायचं नसतं, म्हणून गप्प बसले. तेव्हा गिळलेलं आता लिहून काढते.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांची आई. आमच्या घरात आजीला मोठी आईच म्हणतात. गाव औशाच्या पुढं, सोलापूर रस्त्याला लागून. मी लग्न होऊन नांदेडला आले ती तिथलीच झाले. क्लासला आलेल्या पोरापोरींची खानावळ चालवते. सकाळ-संध्याकाळ घर भरून पोरं जेवतात, मोबाइलमध्ये डोकं घालून जेवतात, आणि दोन वर्षांत डॉक्टर नाहीतर इंजिनियर व्हायला निघून जातात. त्यांच्या जागी दुसरी येतात. त्यांची मी काकू. एकाचंही नाव नंतर लक्षात राहत नाही, आणि माझं तर त्यांना कधी माहीतच नसतं. तक्रार नाही. पोट त्यावरच आहे.

माझे दोन भाऊ. एक पुण्याला, एक हैदराबादला. वडील गेले तशी आई पुण्याच्या भावाकडं राहायला गेली, नातवंडं सांभाळायला. मोठी आईला सगळ्यांनी चल म्हटलं. एकदा गेलीही. आठ दिवसांत परत आली.

"काय झालं गं?" मी फोनवर विचारलं.

"आगं माय, तिथं दारं लावून जेवत्यात," ती म्हणाली. "शेजारी कोन हाय ते बी ठावं न्हाई. माज्या तर घशाखाली घास उतरंना."

मग ती गावात एकटीच राहिली. रान बटईनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं, दिलेलं. बटईदार भला माणूस, पण शेजारच्या गावचा. पेरायला यायचा, फवारायला यायचा, जायचा. गल्लीतल्या तिच्या बरोबरीच्या बाया एकेक करून गेल्या होत्या. एवढी वर्षं डझनभर माणसांचा स्वयंपाक केलेल्या बाईला एका माणसाचं पीठ मळायला जमायचंच नाही. रोज तीन-चार भाकरी जास्तीच्या व्हायच्या. मग ती दारात उभी राहायची. रस्त्यानं कुणी दिसलं की, "भाकर खातूस का रं?" माणसं हसून पुढं जायची. आता कोण कुणाच्या दारात उभं राहून भाकरी खातं? शेवटी कुत्र्यांची चंगळ. तिच्या दारातली कुत्री गावात सगळ्यांत जाड होती, हे मी थट्टेनं म्हणायची. ती हसायची नाही.

आता येळवशीचं, म्हणजे वेळ अमावस्येचं, सांगायला पाहिजे, कारण सगळं घडलं ते त्याच दिवशी. बाहेरच्या लोकांना वाटतं अमावस्या म्हणजे वाईट. आमच्या लातूरकडं पौष लागायच्या आधीची ती अमावस्या म्हणजे दिवाळीहून मोठा सण. त्या दिवशी अख्खा जिल्हा रानात. दुकानं बंद, शहरातले रस्ते रिकामे. रानात कडब्याची कोप करायची, म्हणजे माणूस वाकून आत जाईल एवढी खोप. तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. पूजा करायची, उभ्या पिकात आंबील शिंपडायची आणि मग जेवायचं. शेंगादाण्यांची आणि पालेभाज्यांची ताकातली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि गाडग्यात आंबवलेली ज्वारीची आंबील. त्या दिवशी कुणाच्याही रानात कुणीही जेवतं. ओळख लागत नाही.

पण आमच्या घरचा एक नियम गावात दुसऱ्या कुणाकडं नव्हता. पहिला घास परक्याचा. आमच्या रानातलं दाणा-पाणी ज्याच्या घरात जात नाही असं कुणीतरी पोटभर जेवून उठल्याशिवाय घरच्यांनी तोंडात काही घालायचं नाही. पाणीसुद्धा नाही.

हा नियम मोठी आईच्या सासूनं लावला, आणि लावला तो हिच्यावरच्या रागानं. मोठी आई मूळची हिमायतनगरकडची. तिकडं येळवस आमच्यासारखी नसते. कोवळी पोर, लग्न होऊन आली, पहिल्याच वर्षी डोक्यावर आंबिलीचं गाडगं देऊन हिला रानात चालवत नेलं. सकाळपासून उपाशी. वाटेत बोराटीच्या आड बसून हिनं गाडग्यावरचं फडकं सोडलं आणि ओंजळभर आंबील पिऊन टाकली. चोरी पचली असती, पण वरच्या ओठावर पांढरी मिशी राहिली. सासूनं ती कोपीच्या तोंडाशीच बघितली. त्या वर्षी नेमकी गारपीट झाली. हुरड्यातली ज्वारी भुईसपाट. झालं! देवाच्या आधी, पाहुण्याच्या आधी या भुकेल्या सुनेनं तोंड लावलं, म्हणून पीक गेलं. तिथून पुढं घरच्यांनी पाहुण्याच्या मागून जेवायचं, आणि या सुनेनं सगळ्यांच्या मागून.

खरं सांगू? मला ही गोष्ट ऐकली की त्या सासूच्या झिंज्या उपटाव्यात असं वाटायचं. गारा काय हिच्या ओठाकडं बघून पडल्या? मी एकदा तसं म्हणाले. मोठी आई गालात हसली. "आसं म्हनू न्हाई," म्हणाली. "भूक लागली तर आपन घरचं हाव, थांबू शकतो. परक्याला कोन थांब म्हनंल?" शिक्षा म्हणून लागलेला नियम तिनं उभा जन्म व्रतासारखा पाळला. सासू गेली, नवरा गेला, लेक गेला, नियम राहिला.

आणि तो पाळणं तेव्हा अवघडही नव्हतं. आमच्या रानातून पाऊलवाट जायची. येळवशीला त्या वाटेनं माणसांची रीघ. शिवाय औशाचे एक कल्हईवाले चाचा होते. भज्जी आंबट, पितळी पातेल्याला कल्हई नसली तर कळकते, म्हणून ते सणाच्या आधी येऊन गावातली भांडी करून द्यायचे, आणि येळवशीला हटकून आमच्याकडं पहिल्या पानाला बसायचे. "भाभी, अजून एक उंडा," म्हणायचे, आणि मोठी आई पदर सावरून दोन वाढायची. पुरुषमाणसापुढं कधी मान वर न करणारी ती, चाचांना मात्र दटावायची. "पोट कुठं न्हेऊन ठिवलंय भाईजान? खावा की!" तिकडं आम्ही पोरं भुकेनं तळमळत बांधावर ओळीनं बसलेलो. चाचा मुद्दाम सावकाश चावायचे, आम्हाला चिडवायला.

ती ओळ मला अजून दिसते. माझं लग्न झालं, पोर झालं, तरी दरवर्षी येळवशीला मी नांदेडहून यायची आणि त्याच ओळीत बसायची. नवरा म्हणायचा, "तू तर पाहुणी, खाऊन घे की." मी फणकारायची. पाहुणी असंल तुमची! माहेरच्या रानात मी पाहुणी? त्या ओळीत बसून उपाशी राहायचा मला मान वाटायचा. सासर, खानावळ, गिऱ्हाईक, या सगळ्यात मी कुणाची तरी काकू होते, वहिनी होते. त्या ओळीत मी घरची होते. एवढी एकच जागा होती माझी.

मग चाचा गेले. त्यांच्या पोरांनी लातूरला फ्रिज दुरुस्तीचं दुकान टाकलं. गावात स्टील आलं, कल्हई कुणाला लागेना. ओळ आखूड होत गेली. एका वर्षी भाऊ आले नाहीत, पोरांच्या परीक्षा. पुढच्या वर्षी रजा नाही. मग सांगायचंही बंद झालं. रस्ता मोठा झाला, उंच झाला, आणि आमचं रान त्याच्या खालच्या अंगाला एकटं पडलं. पाऊलवाट बुजली. एका बाजूच्या रानाचे प्लॉट पडले, दगड रोवले, माणूस कुणी नाही. दुसरी बाजू लातूरच्या कुणी घेतली आणि तारेचं कुंपण घालून फाटकाला कुलूप लावलं. गावच्या लोकांची रानं सगळी रस्त्याच्या वर. येळवस तिकडं होती तशीच राहिली. आमच्याकडं यायला वाटच राहिली नाही.

तिची शेवटची येळवस. मी आदल्या दिवशीच नांदेडहून गेले, खानावळ नवऱ्याच्या गळ्यात मारून. बघते तर म्हातारीनं आंबील लावून ठेवली होती, गाडगं भरून. वीस माणसांची!

"आगं, कोण पिणार एवढी?"

"येतील की."

"कोण येतील?"

"आपल्या रानात येळवशीला मानसाची कमी कवा पडलीया का?" असं म्हणून ती दाणे सोलायला बसली.

सकाळी बटईदारानं कोप करून दिली. कडबा नव्हताच, सगळीकडं सोयाबीन. त्यानं तुरीच्या तुराट्या उभ्या केल्या आणि वरून जुनं लुगडं बांधलं. मी म्हटलं, "बसा, जेवून जा." त्यानं कानाला हात लावले. "माझ्या रानात पांडव वाट बघायलेत, काकू." आणि तसंही तो चालला नसता. आमच्याच रानाचा दाणा खाणारा माणूस. पूजा केली. पिकात आंबील शिंपडली, ती चालत होती आणि मी मागून गाडगं धरून. मग कोपीच्या तोंडाशी पाहुण्याचं घोंगडं अंथरलं, आणि आम्ही दोघी आत वाट बघत बसलो.

ऊन डोक्यावर आलं. कुणी नाही.

रस्त्यावरून गाड्या सुसाट जात होत्या. वरच्या रानांमधून हसण्याचे, हाका मारल्याचे आवाज येत होते. भज्जीवर साय धरायला लागली. पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. पणतू स्क्रीनवर. "पणजी, ते पांढरं काय आहे?" "आंबील हाय माज्या राजा, पितूस का?" तो म्हणाला, "ऑनलाइन कसं पिणार?" आणि सगळे खळखळून हसले. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "झालं की, पणतवानं भेट दिली. आता खा." तर ही माझ्याकडं बघते. "फोनातल्याचं पोट भरतंय का?"

तिच्या ओठांना कोरड पडली होती. सकाळची गोळीही घेतली नव्हती, पाण्याशिवाय कशी घेणार! मी आधी गोड बोलले, मग रागावले, मग ओरडले. "मरशील अशानं! तुझी सासू काय वरून बघतीय का?" ती शांतपणे म्हणाली, "तुला तिनं बगितलं न्हाई. मला बगितलंय." मी उठले आणि तरातरा रस्त्याकडं निघाले. एक माणूस! अख्ख्या लातूर जिल्ह्यात आज एक माणूस मिळणार नाही का जेवायला?

चढ चढून रस्ता ओलांडला. पहिल्याच रानात वीस-पंचवीस माणसं. मला बघून सगळे उठलेच. "आगं बाई, नांदेडची आली! बस बस, वाढा गं तिला!" दोघींनी हात धरून ओढलं. मी म्हटलं, "मला नका वाढू, तुमच्यातलं एक कुणीतरी चला आमच्याकडं. मोठी आई उपाशी बसलीय." माणसं चांगली. कुणी नाही म्हटलं नाही. "हाव, हाव, येतो की. तुम्ही व्हा पुढं." "आता चार रानांत जेवलो बगा, जरा उतरू द्या." "पोरं झोपली की येते." दुसऱ्या रानात तेच. तिसऱ्यात तेच. सगळ्यांची पोटं तुडुंब, सगळ्यांच्या जिभेवर येतो येतो, आणि जागचं कुणी हलत नव्हतं. उलट प्रत्येक ठिकाणी माझ्या हातात आंबिलीचा पेला. माझ्याही पोटात सकाळपासून कण नव्हता. त्या वासानं डोकं गरगरत होतं. पण मी घरची होते. पेला खाली ठेवला आणि परत निघाले.

मग काय करावं? रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि गाड्यांना हात केला. होय, या वयात! एक जीप थांबली. "कुठं सोडू मावशी?" मी म्हटलं, "सोडू नका, जेवायला चला." त्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि गिअर टाकला. एका मोटारसायकलवाल्यानं ऐकून तरी घेतलं. म्हणाला, "बार्शीला मयतीला चाललोय बाई." त्याला कुठल्या तोंडानं थांबवू? तिथं धुरळ्यात उभी राहून मी ढसाढसा रडले. कुणाच्या नावानं रडत होते माझं मलाच कळंना. भावांच्या, रस्त्याच्या, त्या सासूच्या, का या हट्टी म्हातारीच्या.

खाली आले तर ती तशीच बसलेली. घोंगड्यावरचा पाचोळा तेवढा झटकला होता.

"येतो म्हणाले सगळे," मी म्हटलं.

"हाव," ती म्हणाली. "येळवशीला न्हाई कोन म्हनत न्हाई."

आम्ही आणखी बसलो. ऊन कलायला लागलं. दिवस बुडाला की पाहुण्याचं पान चालत नाही, पुढं तिचा उपास दुसऱ्या दिवसापर्यंत. तिच्या चेहऱ्याकडं बघून मला भीती वाटायला लागली. ही आज इथंच डोळे मिटते की काय! मी मनात ठरवलं, आता हिच्या तोंडात बळजबरीनं पाणी ओतायचं. पेला भरलाही. तेवढ्यात तिनं माझ्याकडं बघितलं. काहीतरी ठरवत असल्यासारखं, आणि ते ठरवणं जड जात असल्यासारखं.

"ऊठ," म्हणाली. "चपला घाल. बांदापल्याड जाऊन हुबी ऱ्हा."

"कशाला?"

"जा म्हनते ना."

मला वाटलं, तिला एकटीला देवाशी काही बोलायचं असेल. गेले. बांधाच्या पलीकडं उभी राहिले, पाठ करून. मागून हाक आली. तिचा आवाज, पण मला ज्या आवाजात जन्मभर हाक मारली तो नव्हे. चाचांना, वाटसरूंना मारायची तो. गोड, आदबीचा, लांबचा.

"ओ बाई! कुटल्या म्हनायच्या तुमी?"

मी वळले. ती कोपीच्या तोंडाशी काठीला धरून उभी होती. मी हसले आधी. मग तिचा चेहरा दिसला. ती हसत नव्हती.

"कुटल्या म्हनते?"

"नांदेडच्या," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? रेशनकार्ड तिथलं, धनी तिथला, चिता तिथंच पेटायची. आमच्या रानातला दाणा माझ्या घरात येऊन किती वर्षं झाली! तिनं नियमाला बोट लावलं नव्हतं. नियमात बसणारं माणूस शोधलं होतं.

"लांबनं आलाव. या की, घासभर खाऊन जावा. आमच्यात येळवस हाय."

जायचं नाही म्हणाले असते तर ती उपाशी राहिली असती. गेले तर त्या ओळीतून मी उठले, कायमची. तिला हे कळत नव्हतं असं नाही. तिचे डोळे भरून आले होते, मला लांबूनही दिसत होतं. तरी ती हात पुढं करून उभी.

गेले. तिनं माझ्या पायांवर तांब्यानं पाणी घातलं. मी "आगं" म्हणाले, तिनं ऐकलं नाही. घोंगड्यावर बसवलं. पत्रावळीवर भज्जी, दोन उंडे, खीर, आणि आंबिलीचा पेला काठोकाठ. "लाजू नगा," म्हणाली. "पोटभर खावा. वाट सापडली का नीट?" मी मान हलवली. "लेकरं काय करत्यात?" माझं पोरगं तिच्या मांडीवर वाढलेलं! "शिकतंय पुण्याला," मी म्हटलं. "चांगलं हाय," ती म्हणाली, आणि आणखी एक उंडा वाढला. मी गिळत होते. थांबले नाही, कारण मी उठल्याशिवाय ती खाणार नव्हती.

मग ती जेवली. सगळ्यांच्या मागून, पाठमोरी बसून, जशी सून म्हणून जेवायची तशी. आंबील पिताना तिच्या गळ्यातली शीर हलत होती. आधी पाणी, मग गोळी, मग परत आंबील. मला एवढं बरं वाटलं की राग जरा वेळ विसरले. उठले आणि सवयीनं माझी पत्रावळ उचलायला वाकले, तिचीही उचलू, भांडी घासू, घरी जाऊ.

तिनं माझा हात धरला.

"पावन्यानं उष्टं काडायचं नसतंय, बाई," म्हणाली, आणि काठी बाजूला ठेवून, गुडघ्यावर हात देत, स्वतः वाकली.